ग्रामपंचायतीचा वर्षाचा हिशेब वस्तीने कसा तपासावा?

३१ मार्चला ग्रामपंचायतीचे आर्थिक वर्ष संपते आणि दुसऱ्या दिवसापासून वस्तीत जयंतीची तयारी सुरू होते. वर्गणी, मिरवणूक, व्याख्याने, पाठोपाठ मे महिन्यात बुद्धपौर्णिमा. वस्तीतला प्रत्येक कार्यकर्ता ज्या दोन महिन्यांत पूर्ण गुंतलेला असतो, नेमक्या त्याच दोन महिन्यांत ग्रामपंचायतीला मागच्या वर्षाचा हिशेब गावापुढे ठेवावा लागतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ८ नुसार आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत घ्यायची असते. तिच्यापुढे वार्षिक जमाखर्च, मागच्या वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिपणी व तिला दिलेली उत्तरे, असे चार कागद ठेवणे बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ही सभा १ मे रोजी होते. ध्वजवंदन होते, चहा होतो, हजेरीच्या वहीत सह्या होतात आणि माणसे घरी जातात. या चार कागदांचे वाचन झालेले किती जणांना आठवते?

गावातल्या पाण्याबद्दल, गटारीबद्दल, दिवाबत्तीबद्दल तक्रारी करणारे अर्ज आपल्याकडे भरपूर लिहिले जातात. वर्षभराच्या कामाचा आढावा ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. तक्रार एका खांबावरच्या बंद दिव्याची असते. आढाव्यात विचारायचे ते असे, की दिवाबत्तीवर वर्षभरात किती रुपये खर्ची पडले आणि त्यातले वस्तीच्या वाट्याला किती आले? पहिल्या प्रश्नाला 'उद्या बसवतो' हे उत्तर चालते, दुसऱ्याला चालत नाही. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांसाठी आहे.

ठराव झाला, पुढे काय?

महाडच्या इतिहासाची एक बाजू आपण जयंतीच्या भाषणात फार वेळा ऐकतो, दुसरी फारशी ऐकत नाही. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे १९२४ सालीच खुले झाले होते. तरी २० मार्च १९२७ पर्यंत एकाही अस्पृश्य माणसाला तिथले पाणी पिता आले नाही. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले तेव्हा ते नगरपालिकेने स्वतःच मंजूर केलेल्या ठरावाची अंमलबजावणी करायला गेले होते. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला, आणि तळ्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले.

मधली एक नोंद कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ठराव होऊनही नगरपालिका आणि लोकल बोर्डे हलत नाहीत हे पाहून १९२६ मध्ये बोले यांनी कायदेमंडळात आणखी एक ठराव आणला. जी संस्था अंमलबजावणी करणार नाही तिचे सरकारी अनुदान रोखावे, ही त्याची मागणी. ठरावाचा संबंध पैशाशी जोडल्याशिवाय स्थानिक संस्था जागची हलत नाही, हे त्यांना तीन वर्षांत कळले होते. आजच्या आढाव्यातही ठराव, त्यावर झालेला खर्च आणि वस्तीतली प्रत्यक्ष स्थिती या तिन्ही गोष्टी एका ओळीत मांडून पाहायच्या असतात. यातली एक जरी सुटली तरी आढावा लंगडा पडतो.

कागद कोणते आणि कुठे

ग्रामपंचायतीचा सगळा हिशेब ठरावीक नमुन्यांत ठेवलेला असतो. २०११ च्या लेखासंहितेनुसार असे ३३ नमुने आहेत. घाबरायचे कारण नाही, आढाव्याला त्यातले सहा-सातच लागतात. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक : वर्षाच्या सुरुवातीला कुठून किती येईल आणि कुठे किती जाईल याचा अंदाज. नमुना ३ म्हणजे वर्षअखेरचा जमाखर्च : प्रत्यक्षात काय आले आणि काय गेले. हे दोन शेजारी ठेवले की अर्धे काम होते. अंदाजपत्रकात वस्तीच्या नावाने दाखवलेली रक्कम जमाखर्चात शून्य झालेली दिसली, तर पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. नमुना ५ ही रोकडवही, नमुना २२ स्थावर मालमत्तेची नोंदवही, नमुना २३ रस्त्यांची. नमुना २७ मध्ये लेखापरीक्षणातील आक्षेपांचे विवरण असते.

पण वस्तीच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा नमुना २८. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातून १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. त्यातल्या १५ आणि १० टक्क्यांच्या खर्चाचे मासिक विवरण या नमुन्यात असते. गावात दहा वर्षे काम करणाऱ्या कार्यकर्त्यालाही पुष्कळदा या नमुन्याचा क्रमांक माहीत नसतो, आणि 'आमचे १५ टक्के कुठे गेले' एवढ्या मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळते. 'गेल्या वर्षाच्या बारा महिन्यांचा नमुना २८ दाखवा' असे म्हटले की बोलणे बदलते.

हिशेब सोपा आहे. स्वउत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचे भाडे. पाणीपट्टीचा हिशेब वेगळा ठेवतात. समजा, वर्षाचे स्वउत्पन्न ८ लाख रुपये झाले, तर १५ टक्क्यांचे १ लाख २० हजार होतात. त्यातले ४० हजार खर्ची पडले असतील तर ८० हजार शिल्लक राहायला हवेत. ते बँकेत आहेत की दुसऱ्या कामात वळवले? त्याआधीच्या वर्षाचे किती राहिले होते? न खर्चलेला १५ टक्के निधी हा लेखापरीक्षणात वारंवार येणारा आक्षेप आहे. तेव्हा नमुना २८ आणि लेखापरीक्षणाची टिपणी एकत्र वाचावी.

खर्च झाला असेल तर कशावर, हाही प्रश्न आहेच. सतरंज्या, भांडी, समाजमंदिराची रंगरंगोटी, ध्वनिक्षेपक, कमान. यातले काही लागते, नाही असे नाही. पण वर्षानुवर्षे हेच होत राहिले आणि गटार उघडेच राहिले, तर त्या खर्चाला मागासवर्गीय कल्याण म्हणायचे का? इथे दोष फक्त ग्रामसेवकाचा नसतो. सरपंचाकडून जयंतीला मंडपाचे पैसे मिळाले की वर्षभर हिशेब न विचारण्याचा अलिखित करार काही मंडळे करून टाकतात. पंधरा टक्क्यांचा निधी हक्काचा आहे. तो मंडळाला मिळालेली देणगी असल्यासारखा वाटला जातो, आणि घेणारेही तो तसाच घेतात. त्यामुळे वस्तीतल्या बायकांना पाण्यासाठी किती अंतर चालावे लागते हे नमुना २८ मध्ये कधी उमटत नाही.

वित्त आयोगाचा पैसा

स्वउत्पन्नापेक्षा मोठी रक्कम बहुतेक गावांत केंद्रीय वित्त आयोगाकडून येते. पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातला निधी दोन भागांत होता : ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. बंधितातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, पण त्यातून पगार व आस्थापनेचा खर्च करता येत नाही. महाराष्ट्रात हा निधी ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० टक्के आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असा वाटला गेला.

म्हणजे एकूण रकमेचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च व्हायला हवा होता. ज्या गावात पाच वर्षे असा निधी आला आणि तरी वस्तीतली नाली कच्चीच आहे, तिथे 'निधी नाही' हे उत्तर स्वीकारू नये. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च वर्षानुसार पाहता येतो. 'मेरी पंचायत' हे मोबाईल अ‍ॅपही आहे. तिथे दिसणाऱ्या कामांची यादी कागदावर उतरवून घ्या आणि ती हातात धरून गावातून एक फेरी मारा. 'वॉर्ड क्र. ३ मध्ये बंदिस्त गटार बांधणे' अशी नोंद असेल तर ते गटार कुठून कुठपर्यंत आहे ते पावलांनी मोजा. तंत्रज्ञानाचा सगळा उपयोग एवढ्या पायपिटीवर अवलंबून आहे.

आराखडा 'आमचं गाव, आमचा विकास' या कार्यक्रमाखाली तयार होतो. त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात तरतूद अपेक्षित आहे. इथे एक गोष्ट बौद्धांनी विशेष जपली पाहिजे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मांतरितांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळाले, पण गावाच्या आकडेवारीत अनुसूचित जातींची लोकसंख्या कमी नोंदली गेली तर तरतूदही त्या प्रमाणात घटते. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात दाखवलेली अनुसूचित जातींची लोकसंख्या आणि वस्तीतली प्रत्यक्ष कुटुंबे जुळतात का, हे तपासायला एक संध्याकाळ पुरते.

वस्तीच्या नावावरचे काम वस्तीतच आहे का?

'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे' ही योजना जुन्या लोकांना दलित वस्ती सुधार योजना म्हणून माहीत आहे. हा पैसा ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला नाही. तो समाजकल्याण विभागाकडून जिल्हा परिषदेमार्फत येतो आणि वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्यानुसार ठरतो. पण प्रस्ताव ग्रामपंचायतीतूनच जातो, म्हणून तो वार्षिक आढाव्यात धरलाच पाहिजे. या योजनेसाठी पाच वर्षांचा बृहत आराखडा असतो. त्यात वस्तीचे नाव आणि लोकसंख्या नसेल तर पुढची पाच वर्षे मागण्या करून उपयोग होत नाही. म्हणून पहिला प्रश्न निधीचा विचारू नये, आराखड्यातल्या नोंदीचा विचारावा.

दुसरा प्रश्न जागेचा. वस्तीच्या नावाने मंजूर झालेला काँक्रीट रस्ता वस्तीच्या तोंडाशी सुरू होतो आणि भलत्याच आळीत संपतो, वस्तीच्या नावाचा हायमास्ट दिवा चौकात उभा राहतो, हे प्रकार नवे नाहीत. कामाचे अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि पूर्णत्वाचा दाखला, ही पाच कागदपत्रे एका कामासाठी मागितली तर काम कुठे मंजूर झाले आणि कुठे झाले हे कळते. सगळ्या कामांची मागवण्याच्या फंदात पडू नका. वर्षातले सर्वात मोठे एकच काम निवडा आणि ते शेवटपर्यंत तपासा.

पाणी : बादलीने मोजावे

आढाव्यात जास्तीत जास्त वेळ पाण्यावर घालवावा असे माझे मत आहे. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले. ग्रामीण घरात नळाने माणशी दररोज ५५ लिटर पाणी, हे त्याचे माप. गाव 'हर घर जल' म्हणून प्रमाणित करायचे असेल तर ग्रामसभेचा ठराव लागतो. तुमच्या गावाचा असा ठराव झाला आहे का, कोणत्या तारखेच्या सभेत झाला, त्या दिवशी वस्तीतल्या किती घरांत नळ होता आणि नळाला पाणी होते, हे इतिवृत्तात पाहा. नळ बसवला म्हणजे पाणी आले असे नाही. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला कोण राहते, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात वेगळे सांगावे लागत नाही.

मोजणी अशी करा. १५ लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि ती किती मिनिटांत भरते ते घड्याळात पाहा. दहा मिनिटे लागली आणि पाणी अर्धा तास येत असेल, तर घरात ४५ लिटर आले. घरात पाच माणसे असतील तर माणशी ९ लिटर. सरकारी मापाने त्या घराला २७५ लिटर, म्हणजे अठरा बादल्यांहून थोडे जास्त मिळायला हवे होते. पाणी एक दिवसाआड येत असेल तर हा आकडाही निम्मा करा. अशी मोजणी वस्तीतल्या पाच घरांत आणि गावातल्या टाकीजवळच्या पाच घरांत, एकाच आठवड्यात करावी. दोन्ही आकडे शेजारी लिहिले की भाषण करावे लागत नाही. मोजणीचे काम मुलींनी आणि बायकांनी हातात घेतले तर उत्तम, कारण पाणी कधी येते हे त्यांनाच नक्की माहीत असते.

पाण्याच्या शुद्धतेसाठी गावाला वर्षातून दोनदा कार्ड मिळते. पाणीपुरवठ्याच्या स्रोतांचे आणि परिसराचे स्वच्छता सर्वेक्षण करून आरोग्य यंत्रणा ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देते. लाल म्हणजे तीव्र जोखीम. तुमच्या गावाला शेवटचे कोणते कार्ड मिळाले, हे ग्रामपंचायतीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारता येते. ब्लीचिंग पावडरचा साठा आणि खरेदीची बिले, जलसुरक्षकाने केलेल्या ओटी टेस्टची नोंदवही हेही पाहा. पावसाळ्यात वस्तीतले पाणी गढूळ येत असेल आणि नोंदवहीत वर्षभर रोज एकाच शाईने 'क्लोरीन आढळले' लिहिलेले असेल, तर ती वही एका बैठकीत भरली आहे हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

बाकीच्या सेवांचे थोडक्यात. दिवाबत्तीसाठी वस्तीतले खांब आणि चालू दिवे मोजा, वीजबिल आणि दुरुस्तीचा खर्च रोकडवहीत सापडेल. कचऱ्याची घंटागाडी वस्तीत येते का, की वस्तीच्या कडेला कचरा टाकायला येते, हे बघा. दाखल्यांसाठी लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. जन्म-मृत्यूची नोंद, विवाह नोंद, नमुना ८ चा उतारा या सेवा किती दिवसांत मिळाल्या पाहिजेत, त्याचा फलक कार्यालयात लावणे सक्तीचे आहे. स्मशानभूमीचा विषय मात्र थोडक्यात संपवता येत नाही. जनसुविधा योजनेतून दहनशेड, रस्ता, पाणी यांसाठी पैसा मिळतो. गावात जातवार वेगळी स्मशाने असतील तर शेड कुठल्या स्मशानात झाली आणि वस्तीतला मृतदेह पावसात कुठे जाळावा लागतो, हे आढाव्यात स्पष्ट लिहावे. एकाच गावाच्या निधीतून एका स्मशानात पेव्हर ब्लॉक आणि दुसऱ्याकडे जायला चिखलाची वाट असेल, तर त्याला विकासाचा असमतोल वगैरे म्हणू नये, भेदभाव म्हणावे.

सामाईक पाणवठा, स्मशानभूमी किंवा रस्ता वापरायला अडवणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(झेड-ए) खालचा गुन्हा आहे. निधी कमी खर्च होणे आणि अडवणूक होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी हिशेब मागावा, दुसरीसाठी पोलीस ठाण्यात जावे. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्ही प्रकरणे कमजोर होतात.

सभेत काय करावे

ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. घरपट्टी थकली म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्क जात नाही. 'आधी पट्टी भरा, मग बोला' हे उत्तर कायद्यात बसत नाही. अर्थात पट्टी भरून पावती खिशात ठेवलेली बरी, बोलणाऱ्याचा आवाज खणखणीत राहतो. शिवाय उद्या निवडणुकीला उभे राहायचे झाल्यास थकबाकी आडवी येतेच.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती नसली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. पुष्कळ गावांत खरे निर्णय या दुसऱ्या सभेतच होतात. तेव्हा पहिल्या सभेपेक्षा तहकूब सभेची तारीख जास्त काळजीने लिहून ठेवावी. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती झाली की नाही आणि तिचे इतिवृत्त कुठे आहे, हा एक चांगला पहिला प्रश्न आहे. पाण्याची मोजणी त्या सभेत मांडली तर ती नोंदली जाण्याची शक्यताही अधिक.

प्रश्न तोंडी विचारू नका. सभेच्या काही दिवस आधी तीन-चार प्रश्नांचा अर्ज द्या, पोच घ्या आणि सभेत 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर चर्चा झाली असे इतिवृत्तात घ्या' एवढेच म्हणा. हजेरीची सही करताना वर मजकूर लिहिला आहे की पान कोरे आहे ते पाहा. कोऱ्या पानावरच्या सह्यांखाली नंतर कोणताही ठराव लिहिता येतो. गावात निवडणूक झालेली नसून प्रशासक बसलेला असला तरी ग्रामसभा आणि हिशेब टळत नाहीत.

आणि सरपंच आपल्याच वस्तीतला असेल तर? ७३ व्या घटनादुरुस्तीने आरक्षण दिले, महाराष्ट्रात स्त्रियांसाठी निम्म्या जागा आहेत. आरक्षित जागेवर निवडून आलेली बौद्ध महिला सरपंच अनेक गावांत आहे. तिची डिजिटल स्वाक्षरी मात्र कधीकधी तिच्या हातात नसते. डोंगल दुसऱ्याच कोणाकडे असतो आणि बिल निघाल्याचे तिला नंतर कळते. अशा गावात आढावा म्हणजे तिच्यावर हल्ला, असा समज गावातले प्रस्थापित मुद्दाम पसरवतात, आणि वस्तीतलेच लोक 'आपल्या बाईला अडचणीत आणू नका' म्हणून गप्प बसवतात. माझ्या मते उलट करावे. आढाव्याचे कागद आधी तिच्यासोबत बसून वाचावेत. नमुना २८ तिने स्वतः ग्रामसेवकाकडून (नव्या पदनामाप्रमाणे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून) मागितला तर अर्ज, अपील काहीच लागत नाही. पण ती स्वतःच हिशेब दडवत असेल, तर ती वस्तीतली आहे म्हणून प्रश्न सौम्य करू नयेत. १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला विरोध करताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला होता. ते प्रतिनिधित्व वस्तीच्या कामी यावे म्हणूनच मागितले होते.

कागद दिले नाहीत तर

माहितीच्या अधिकाराचा अर्ज 'जोडपत्र अ' मध्ये करायचा, शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून 'गेल्या पाच वर्षांचा सर्व हिशेब द्या' असा अर्ज करू नका, तो फेटाळायला सोपा असतो. 'आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नमुना २८ च्या बाराही महिन्यांच्या प्रती' हा एक अर्ज. 'त्याच वर्षाचा नमुना १ व नमुना ३' हा दुसरा. एका कामाची मोजमाप पुस्तिका हा तिसरा. प्रतींचा खर्च जास्त होणार असेल तर प्रतीऐवजी अभिलेख पाहण्याची मागणी करता येते. दोघांनी जावे, एकाने वाचावे, दुसऱ्याने उतरवावे. उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोगाकडे प्रकरणे साचलेली असतात, त्यामुळे पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहून तिथेच कागद मिळवण्याचा प्रयत्न करावा.

हिशेबात गडबड दिसली तर अर्ज गटविकास अधिकाऱ्याकडे, तिथून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. गंभीर गैरवर्तन असेल तर कलम ३९ खाली चौकशी होऊन विभागीय आयुक्तांकडून सरपंच किंवा सदस्याला पदावरून काढण्याची तरतूद आहे. लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. त्यांच्या जिल्हा कार्यालयाला आपल्या निरीक्षणांची प्रत दिली तर पुढच्या लेखापरीक्षणात त्या कामाकडे पाहिले जाण्याची आशा असते.

नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी कायदा वेगळा आहे, १९६५ चा. तिथे ग्रामसभा नाही, ही मोठीच उणीव. पण अंदाजपत्रक, प्रभागातली कामे, दलित वस्तीसाठी येणारा स्वतंत्र नागरी निधी आणि दिव्यांगांचे ५ टक्के हे मुद्दे तेच राहतात. तिथे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत मिळवणे आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाने त्यात वर्षभरात काय बोलले ते वाचणे, इथून सुरुवात करावी.

आढावा लिहून झाला की तो एका पानात बसवा. वर गावाचे नाव आणि आर्थिक वर्ष, खाली पंधरा टक्क्यांचा हिशेब, पाण्याचे दोन्ही आकडे, तपासलेले एक काम, आणि ज्या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही त्यांच्या अर्जांच्या तारखा. विशेषणे नकोत, कोणाचे नाव घेऊन शेरे नकोत. एक प्रत विहारात, एक ग्रामपंचायतीच्या फलकाजवळ, एक गटविकास अधिकाऱ्याच्या आवक-जावक कक्षात. हे पान ऑगस्टच्या सभेपर्यंत तयार असेल तर त्याचा खरा उपयोग होतो, कारण पुढच्या वर्षाच्या आराखड्याचे काम २ ऑक्टोबरपासून सुरू होते आणि वस्तीच्या गटारीचे नाव त्या यादीत तेव्हाच घालून घ्यावे लागते.